पगचा दवाखान्याचा खर्च : नशिबाने ओढवलेला की जन्माबरोबर आलेला?

अर्धविराम (धागालेखक) :
नात्यातल्या एका कुटुंबाने पग या चपट्या नाकाच्या कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरवले आणि माझे मत विचारले. मी स्वतः नऊ वर्षे पग सांभाळला असूनही "आणू नका" असे सांगितले, त्यावरून बराच वाद झाला, म्हणून हा विषय येथे मांडत आहे.

पगच्या उपचारांवर होणारा खर्च आकस्मिक नसतो. तो त्याच्या चेहऱ्याच्या घडणीतच असतो आणि पिल्लू घेताना नेमका तोच कोणी हिशेबात धरत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. माणसाने पैदाशीतून या कुत्र्याचे नाक आखूड केले, पण आतले मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद राहतात, मऊ टाळू घशात लोंबतो आणि प्रत्येक श्वास जोर लावून ओढावा लागतो. या सततच्या ओढीने स्वरयंत्राजवळचे मऊ भागही हळूहळू आत खेचले जातात, म्हणजे उपचार जितका लांबवावा तितका तो अवघड होत जातो. आमच्या पगच्या घोरण्याचे आम्ही दोन वर्षे कौतुक केले आणि तिसऱ्या वर्षी नाकपुड्या रुंद करून टाळू आखूड करण्याची शस्त्रक्रिया करावी लागली.

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो. डोळ्यांचा मात्र संपत नाही. खोबणी उथळ असल्यामुळे पगचे डोळे बाहेर आलेले असतात, झोपेतही पापण्या कित्येकदा पूर्ण मिटत नाहीत, आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला साध्या काडीनेही जखम होते. त्यातच अश्रू कमी होण्याचा विकार जडला, तर मलम आणि थेंब जन्मभर घालावे लागतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मला त्या काळात फार वेळा आठवली.

सोनचाफा :
घरातल्या जिवाला कोंबडीची उपमा देणाऱ्याने पग न आणण्याचा सल्ला द्यावा, हे एका अर्थी योग्यच झाले.

माझी पग सात वर्षांची आहे. लसीकरण, जंतांचे औषध आणि एकदा कानाचा संसर्ग, यांपलीकडे तिच्यासाठी दवाखान्याची पायरी चढावी लागलेली नाही. तिचे वजन मी आठ किलोच्या वर जाऊ देत नाही, गळ्यात पट्टा न बांधता छातीचा पट्टा वापरते, नाकावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या करते आणि उन्हात तिला बाहेर काढत नाही. मोठ्या जातींच्या कुत्र्यांचे खुबे बिघडतात, पोटाला पीळ पडून मध्यरात्री शस्त्रक्रिया करावी लागते. त्या खर्चाला कोणी चेहऱ्याची घडण म्हणत नाही. एका कुत्र्याच्या अनुभवावरून संपूर्ण जातीला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

अर्धविराम :
एका कुत्र्याच्या अनुभवावरून संपूर्ण जातीला निर्दोष ठरवणेही तसेच आहे. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका वर्षात किमान एक विकार जडण्याची शक्यता पगमध्ये इतर कुत्र्यांच्या सुमारे १.९ पट आढळली, आणि श्वसनमार्ग अडण्याच्या विकाराचा धोका सुमारे ५४ पट. हे आकडे माझ्या घरातले नाहीत.

सोनचाफा :
त्याच अभ्यासात हृदयाची मरमर (ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज), आक्रमकपणा आणि जखमा पगमध्ये कमी आढळल्या, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे.

पाटीपेन्सिल :
मी पशुवैद्य आहे, म्हणून वादात पडण्याचे टाळत होतो. पण दोन्ही बाजूंनी एक मुद्दा निसटतो आहे.

पगला एरवी साध्या समजल्या जाणाऱ्या कामांचाही खर्च अधिक येतो. कुत्र्याला बेचाळीस दात असतात आणि ते पगच्या आखूड जबड्यात बसवायचे म्हणजे तिरके, दाटीवाटीनेच बसणार. त्यांत अन्न अडकते, हिरड्या सुजतात आणि दात साफ करण्यासाठी भूल द्यावी लागते. या जातीला भूल देताना देखरेख अधिक लागते. श्वासनलिकेत घातलेली नळी कुत्रा चांगला जागा होईपर्यंत आम्ही काढत नाही, कारण अर्धवट गुंगीत घसा मिटण्याची भीती असते. त्या जादा तासाचे पैसे बिलात दिसतात आणि मालक आमच्यावर रागावतात.

सोनचाफा यांनी वजनाबद्दल लिहिले, ते शब्दशः खरे आहे. लठ्ठ पगचे वजन उतरवले की त्याचा श्वास पुष्कळ सुधारतो आणि या उपचाराला घरातल्या मंडळींच्या निग्रहाखेरीज काही लागत नाही. तथापि अरुंद नाकपुडी पथ्याने रुंद होत नाही. मला सर्वांत अधिक चीड येते ती "पग घोरणारच" या वाक्याची, कारण हेच वाक्य म्हणत कित्येक कुत्री जीभ निळी पडेपर्यंत घरी ठेवली जातात. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) यांनी २०१९ मध्ये एक सोपी तपासणी सुरू केली. घशावर स्टेथोस्कोप ठेवून श्वास ऐकायचा, कुत्र्याला तीन मिनिटे झपझप चालवायचे, पुन्हा ऐकायचे आणि शून्य ते तीन अशी श्रेणी द्यायची. सात वर्षांत दवाखान्यात जावे लागले नाही, यावरून कुत्रा निरोगी आहे हे सिद्ध होत नाही; कधीकधी तो तपासलेला नाही, एवढेच सिद्ध होते.

विम्याबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो : आधीपासून असलेला आजार बहुतेक विमा योजना वगळतात, आणि अनेक योजना आनुवंशिक विकारही वगळतात. कलमे वाचल्याशिवाय हप्ता भरू नये.

रानवाट :
खर्च परवडतो की नाही, हा प्रश्नच मला दुय्यम वाटतो. पैसेवाल्या मालकाचा पगही तितकाच धापा टाकतो. नेदरलँड्समध्ये ज्या कुत्र्याच्या मुस्कटाची लांबी कवटीच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी आहे, त्याची पैदास करण्यास २०१९ पासून मज्जाव आहे. मागणी आहे तोवर असे नियम सगळीकडे होणार नाहीत. ज्यांना पगच हवा असेल त्यांनी कोणीतरी सोडून दिलेला मोठ्या वयाचा पग घ्यावा. त्याचे डोळे, गुडघे आणि श्वास यांची अवस्था पहिल्याच दिवशी कळते, आणि नव्या पैदाशीला आपला पैसाही लागत नाही.

अर्धविराम :
रानवाट यांचा पर्याय मी त्या कुटुंबापुढे ठेवला. "आम्हाला पिल्लूच हवे आहे," असे उत्तर आले. मग निदान पिल्लाच्या आईवडिलांची श्वसनाची श्रेणी विचारा, असे मी सांगितले. विक्रेत्याला तो प्रश्नच कळला नाही.

सोनचाफा :
पाटीपेन्सिल यांचा प्रतिसाद वाचून काल माझ्या कुत्रीला अंगणात तीन मिनिटे चालवले आणि स्टेथोस्कोप नसल्याने नुसताच कान लावला. आधी न ऐकलेली घरघर ऐकू आली. ती नवी आहे की पूर्वीपासूनच होती आणि मी कधी ऐकलीच नाही, ते ठरवता येत नाही, म्हणून परवाची वेळ घेतली आहे. कोंबडीच्या म्हणीबद्दल माझा निषेध मात्र कायम आहे.