सोलापूर–जळगाव थेट लाइन: सर्व्हे होतात, रूळ का पडत नाहीत?

होटगीलूप: सोलापूरचा रेक (अख्खी मालगाडी) खानदेशात न्यायचा तर अजूनही दौंड, नगर, मनमाड असा वळसा. तुळजापूर, बीड, संभाजीनगर अशी सरळ रेघ नकाशावर दिसते, सर्व्हेही झालेत. अडतं कुठं? आणि बार्शी लाइटचा (कुर्डुवाडी–बार्शीकडची जुनी अरुंद लाइन) जुना भराव नव्या लाइनला जसाच्या तसा का वापरता येत नाही?

मालधक्का: सर्व्हे म्हणजे मंजुरी नव्हे. अहवालात गुंतवलेल्या पैशावर वर्षाला किती परतावा मिळेल ते काढतात. अनेक वर्षं कसोटी १४ टक्क्यांची होती आणि मराठवाड्यातल्या बहुतेक लाइनी तिथंच नापास. मालाचं गणित बघा. बंद वाघिणींच्या ४२ डब्यांच्या रेकला साधारण २,६०० टन लागतात, म्हणजे १६ टनी ट्रक १६० च्या वर, तेही एकाच जागी, एकाच वेळी. भरायला उशीर झाला की डॅमरेज, म्हणजे डबे अडवल्याचा दंड. कांदा असा थांबत नाही राव, तो ट्रकनंच जाणार. होटगीकडचे कोळसा-सिमेंटचे रेक तर मुख्य मार्गावरच भागतात. शिवाय वळसा वाचला की त्याच मालाचं भाडं कमी होतं, त्यामुळं वळवलेल्या मालाचा अहवालातला फायदा वाटतो तेवढा मोठा नसतो.

मंजुरी मिळाली तरी बजेटच्या पुस्तकात १,००० रुपयांची नाममात्र तरतूद पडते, काम तिथंच. नगर–बीड–परळी बघा: २६१ किमी, मंजुरी १९९५-९६ ची, निम्मा खर्च राज्याचा. आष्टीपर्यंत गाडी २०२२ मध्ये, बीडला २०२५ मध्ये.

रुलिंग_ग्रेडियंट: वरचं बरोबर, पण वाटेतले बालाघाटचे डोंगर विसरू नका. सोलापूर–तुळजापूर उंचीत जवळपास २०० मीटरचा फरक. १०० ला १ चढ धरला तर निव्वळ चढालाच २० किमी, आणि हा चढ सगळा घाटाजवळ एकवटलाय. त्यात वळणाची सूट: वळणाच्या दर अंशाला चढ ०.०४ टक्के कमी ठेवायचा. ४ अंशाचं वळण आलं की चढ १ टक्क्यावरून ०.८४ वर आणायचा, म्हणजे लांबी आणखी वाढली, नाहीतर बोगदा. ५,००० टनांच्या गाडीला या चढावर नुसतं गुरुत्वच ५० टनांनी मागं ओढतं. बोरघाटात ३७ ला १ आहे, तिथं मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लावावेच लागतात. नव्या मालमार्गावर तो खर्च कोण घेईल?

होटगीलूप: आणि बार्शीचा भराव?

रुलिंग_ग्रेडियंट: तो ७६२ मिमी गेजचा (दोन रुळांतलं अंतर), १८९७ चा. रूळ यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला १५ किलो. आज ६० किलोचे टाकतात. एक्सलभार (चाकांच्या एका जोडीवरचं वजन) ५ टन, आता २२.९ च्या पुढं. अरुंद भराव रुंद करायचा, वळणं मोठी करायची, मोऱ्या-पूल नव्यानं बांधायचे. मग जुन्या जागेचा फायदा उरतो तो फक्त भूसंपादनात. धाराशिव शहर तर जुन्या लाइनवर नव्हतंच, ब्रॉडगेज करताना लाइन तिकडं वळवली. तिथला जुना भराव म्हणूनच सुटला.

मालधक्का: आणि अरुंद गेज राहिला असता तर गेज बदलतो त्या कुर्डुवाडीला सगळा माल हमालांनी एका डब्यातून दुसऱ्यात टाकायचा. तोटा खरा त्यात होता.