जुना वॉलपेपर काढायचाय, भिंत न उकरता कसा काढावा?

ठाणेकर_२बीएचके:
इमारत साधारण १२ वर्षांची. बेडरूमच्या दोन भिंतींना (१२ × ९.५ आणि १० × ९.५ फूट) व्हिनाइलचा जाड, उठावाच्या नक्षीचा वॉलपेपर आहे. जोडांवर कडा सुटल्यात. खिडकीखाली, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर, तो खालून दीड फुटापर्यंत फुगलाय आणि मागे काळे ठिपके दिसतात. पेंटरचं म्हणणं, "काढायच्या भानगडीत पडू नका, सुटलाय तेवढा कापतो आणि वरून पुट्टीचे दोन हात मारतो." नंतर साधा इमल्शन रंग द्यायचाय. पेंटरचं ऐकावं का? आणि काढायचाच झाला तर नेटवर व्हिनेगर, कपड्यांचं कंडिशनर, वाफ असं काय काय सांगतात, त्यातलं खरं कोणतं?

चुना_वीट:
पेंटरचं अजिबात ऐकू नका. व्हिनाइल म्हणजे प्लास्टिक, पुट्टीला धरायला त्यात काही नाही. वर पुट्टीतलं पाणी जोडांतून मागच्या कागदात शिरतं, खळ पुन्हा ओली होते आणि जिथे काही नव्हतं तिथेही फुगे येतात.

पण हात लावण्याआधी आतली भिंत कशाची आहे ते बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. खोलीचा एमसीबी बंद करा, स्विचबोर्डची प्लेट काढा आणि खाचेची कड नीट पाहा. वर जेमतेम २-३ मिमी पांढरा थर आणि मागे करडं, खरखरीत असेल तर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर पुट्टी. १०-१२ मिमी आतपर्यंत पांढरंच असेल आणि नखाने पीठ पडत असेल तर जिप्सम. दोन्ही भिंती वेगवेगळ्या तपासा, एकाच खोलीत दोन प्रकार असू शकतात. सिमेंटच्या गिलाव्याला पाण्याचं काही वाटत नाही. जिप्सम मात्र भिजलं की मऊ पडतं, आणि मग कागद राहतो बाजूला, स्क्रेपर भिंतच उकरून काढतो.

पत्री_पाणी:
आता प्रत्यक्ष काम. व्हिनाइलचे दोन थर असतात: वर प्लास्टिक, मागे कागद. पाणी प्लास्टिकमधून जातच नाही. वरून पाणी मारून "काही होत नाही" म्हणणारे इथेच अडकतात.

वरचा थर कोरडाच काढा. स्कर्टिंगजवळचा कोपरा ब्लेडने उचला आणि पट्टा भिंतीला लगटून, स्वतःवरच दुमडत वर ओढा. स्वतःकडे सरळ ओढलात तर पुट्टीचे पोपडे बरोबर येतील. मागे पातळ, मळकट कागद राहील. काहीच राहिलं नाही, अख्खा पट्टा निघाला, तर तो नॉन-वोवन (मागे साध्या कागदाऐवजी न विणलेल्या तंतूंचा थर असलेला). नशीब समजा.

मग तो कागद भिजवायचा. एक लिटर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे ४-५ थेंब, स्प्रेच्या बाटलीत. वरून सुरुवात, एका वेळी तीनेक फूट रुंदीच. मारा, १० मिनिटं थांबा, पुन्हा मारा, ५ मिनिटं थांबा. कागद गडद होतो. अंगठ्याने रेटल्यावर त्याला सुरकुती पडून तो सरकला म्हणजे तयार. सरकत नसेल तर जोर लावू नका, अजून एकदा भिजवा. चार इंची स्क्रेपर घ्या, पात्याचे दोन्ही टोकदार कोपरे कानशीने गोल करा आणि पातं भिंतीला जवळजवळ टेकवून ढकला. भिंतीवर चिरा पडतात त्या बहुतेक या कोपऱ्यांनीच.

जिप्सम असेल तर स्प्रे नको. पिळलेला स्पंज टेकवायचा, ५ मिनिटं, छोटा तुकडा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. वाफेचं यंत्रही जिप्समवर नको.

पाणी कोमटच का, उकळतं का नाही? खळ स्टार्चची असेल तर गरम पाण्याने मऊ पडते हे खरं. पण वॉलपेपरच्या बऱ्याच खळींच्या पावडरी मिथाइल सेल्युलोजच्या असतात. तो पदार्थ थंड पाण्यात विरघळतो आणि गरम पाण्यात उलट घट्ट होतो. कोमट दोन्हीला चालतं.

खळखळाट:
वरच्याशी सहमत. उरलेल्या उपायांबद्दल:

व्हिनेगर आपल्याकडच्या भिंतींवर नको. पुट्टीत व्हाइट सिमेंट आणि चुनखडीची भुकटी असते, आम्ल लागलं की ती झिजते. पुट्टीच्या पडलेल्या तुकड्यावर दोन थेंब टाकून बघा, बुडबुडे येतील. कंडिशनरने कागद भिजतो, पण मागे बुळबुळीत थर राहतो आणि तोही धुवावा लागतो. साबणाचे चार थेंब तेच काम करतात.

खरी अडचण फेव्हिकॉलची. कडा उचलू नयेत म्हणून लावणारे खळीत पांढरा गोंद मिसळतात, जोडांवर तर नुसताच लावतात. वाळलेला तो गोंद पाण्यात विरघळत नाही, फक्त मऊ, दुधाळ होतो. त्या पट्ट्यांवर ओलं फडकं २०-२५ मिनिटं टेकवून ठेवा, मऊ असतानाच खरवडा. उरेल तो वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून.

कागद निघाला म्हणजे काम संपलं असं नाही. खळ भिंतीवरच असते, दिसत नाही. स्पंजने दोनदा धुवा, बादलीतलं पाणी गढूळ झालं की बदला. ओल्या भिंतीवर बोटं फिरवा, बुळबुळीत लागलं तर अजून आहे. स्टार्चची असेल तर कोपऱ्यात टिंक्चर आयोडीनचा पातळ केलेला थेंब निळा-काळा होतो (डाग पुसून टाका, रंगातून वर येतो). ही खळ राहिली तर वॉटर प्रायमरने पुन्हा ओली होते आणि रंगाला बारीक जाळीसारख्या भेगा पडतात. दोष मात्र रंगाच्या कंपनीला.

ठाणेकर_२बीएचके:
धन्यवाद. प्लेट काढून पाहिली, दोन्हीकडे सिमेंट गिलावा आणि पुट्टी. लहान भिंतीवर सुरुवात केली. दोन-तीन ठिकाणी कागदाबरोबर वीतभर पुट्टी आली, मागे फिकट पिवळा रंग दिसतोय. पाणी जास्त झालं का?

चुना_वीट:
नाही. पिवळा दिसतोय तो जुना डिस्टेंपर. त्यावरच पुट्टी ओढलेली, म्हणून तिने भिंत धरलीच नव्हती. आजूबाजूला स्क्रेपरच्या मुठीने टकटक करा, पोकळ वाजेल तेवढी पुट्टी आत्ताच पाडा. डिस्टेंपर ओला करून खरवडून काढा. कडा ८० नंबरने उतरत्या करा, नाहीतर रंगानंतर नकाशा दिसेल. मग पुट्टी, एका हाताला दीड मिमीपेक्षा जाड नको, पहिला हात वाळल्यावरच दुसरा.

खिडकीखालची भिंत सगळ्यात शेवटी घ्या. व्हिनाइलमुळे ओल बाहेर पडत नाही, म्हणून तिथे बुरशी. ती कोरडी खरवडू नका, भुकटी खोलीभर उडते. आधी पाणी फवारा, एन९५ मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. घरगुती ब्लीच एक भाग, पाणी चार भाग. १५ मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही नको, क्लोरीन वायू होतो.

पत्री_पाणी:
आणि ओल येते कुठून ते शोधा. स्लायडिंग खिडकी असेल तर खालच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने भोकं असतात, ती मातीने बुजली की पावसाचं पाणी आतल्या भिंतीत उतरतं. पाणी मिनिटभरात बाहेर गेलं नाही तर तारेने भोकं मोकळी करा. फ्रेमभोवतीचं सिलिकॉन सुटलंय का तेही बघा.

भिंत वाळली का हे हाताने कळत नाही. फूटभर पॉलिथीन चारही बाजूंनी टेपने चिकटवा, २४ तासांनी आतून दव दिसलं तर थांबा. पंखा लावून दोन-तीन दिवस लागतात, पावसाळ्यात आठवडाही.

ठाणेकर_२बीएचके:
भोकं बुजलेलीच निघाली. प्रायमर तेलाचा की पाण्याचा?

खळखळाट:
लहान भिंतीवर गोंदाचे डाग राहिले असतील तिथे तेलाचा, बाकी पाण्याचा. खिडकीखाली तेलाचा नको, आत राहिलेली ओल त्यामागे अडकेल आणि पोपडे धरतील.