'३० लाखांत सिनेमा केला' म्हणणाऱ्यांनी एकदा खरा हिशोब मांडावा

पडद्यामागचा:
बरीच वर्षं छोट्या मराठी सिनेमांचं प्रॉडक्शन सांभाळतोय, त्यामुळे जरा कडू बोलणार आहे, आधीच सांगतो. कुठल्याही मुलाखतीत "आम्ही फक्त ३० लाखांत केला हो" ऐकलं की डोकं फिरतं. त्यात कॅमेरामन मित्र म्हणून फुकट राबलेला असतो, कॅमेरा कुणाच्या तरी ओळखीने अर्ध्या भाड्यात आलेला असतो, युनिट झेडपीच्या शाळेत सतरंजीवर झोपलेलं असतं, आणि डायरेक्टर दोन-तीन वर्षं एक रुपया न घेता जगलेला असतो कारण घरात दुसऱ्या कुणाची तरी नोकरी आहे. हे सगळं धरा ना बजेटमध्ये, मग बघा ३० चे किती होतात. पण आकडा ३० चाच छापून येतो. मग तो वाचून कुणीतरी पोरगा बापाची गुंठाभर जागा विकून ३० लाख घेऊन येतो, ते पॅकअपच्या दिवशीच संपतात आणि सिनेमा हार्ड डिस्कमध्ये पडून राहतो. एडिट अर्धवट, डीआय म्हणजे शेवटचं रंगकाम नाही, सेन्सॉर तर लांबच.
माझं म्हणणं एवढंच की निम्मे पैसे शूटिंगनंतरसाठी बाजूला काढता येत नसतील तर फीचर फिल्म सुरूच करू नका.

अर्धवट पटकथा:
साफ असहमत. हा हिशोब लावला असता तर आपल्याकडे सिनेमा सुरूच झाला नसता. फाळके विमा पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले होते, कुठले निम्मे नि कुठलं काय. आसामची रीमा दास बघा, 'व्हिलेज रॉकस्टार्स' लिहिला तिनेच, कॅमेरा तिचा, एडिटिंग तिचं, पोरं गावातलीच. २०१८ ला भारताकडून ऑस्करला तोच गेला. ती निम्मे पैसे जमायची वाट बघत बसली असती तर त्या पोरी मोठ्या होऊन लग्नं झाली असती त्यांची. पैसेवाल्यांनीच सिनेमे करायचे असं सरळ म्हणा की मग.

पडद्यामागचा:
फाळक्यांचं नाव येणार हे माहीतच होतं :) फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी काय केलं? वाटाण्याचं रोप उगवतानाची छोटीशी फिल्म करून पैसे देणाऱ्यांना दाखवली. मी तरी वेगळं काय सांगतोय? आधी लहान काहीतरी करा, दाखवा, मग पैसे मागा.
आणि रीमा दासचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिने वेळ घेतला, माणसं कमी ठेवली. आपल्याकडे लो बजेट म्हणतात आणि सेटवर साठ माणसं नाश्त्याला.

बूमवाला:
मी लोकेशन साउंड करतो. या धाग्यावर सगळे डायरेक्टरच्या त्यागाबद्दल बोलतायत म्हणून लिहितोय. डायरेक्टरचा त्याग असतो पण सिनेमाही त्याचाच असतो ना. आमचं काय? "सध्या अर्धे घे, रिलीजनंतर बाकीचे" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं कळतं, आणि रिलीजनंतर फोन उचलत नाहीत, ज्यांचा रिलीजच होत नाही ते तर मला दुःखच सांगत बसतात, मग त्यांना उलट मीच चहा पाजतो. बॅलन्स राहिलेले लाइटदादा तर कुणाला आठवतही नाहीत.
वर बजेट कमी पडलं की पहिली कात्री साउंडला. "डबिंग करून घेऊ नंतर." अरे नंतर कशाने करणार, गावातली आजी जी पहिल्या टेकला झकास बोलली ती मुंबईच्या स्टुडिओत काचेमागे उभी राहून तसं बोलणारे का? शेवटी आजीचा आवाज कुठलीतरी पंचविशीतली मुलगी देते आणि अख्खा सिनेमा खोटा वाटतो.

अर्धवट पटकथा:
बूमवाला, हे मान्य. टेक्निशियनचे पैसे बुडवणं वाईटच, त्याची बाजू कोण घेतंय? पण म्हणून सिनेमाच करू नका?

बूमवाला:
करा की. आमच्या पैशावर करू नका एवढंच.

नानांचं टॉकीज:
तालुक्याच्या गावी आमचं सिंगल स्क्रीन होतं, आता तिथे कपड्याचा सेल लागतो, असो. गणित मी सांगतो. तिकीट धरा १५० चं. त्यातून जीएसटी गेला, उरलेल्यातले निम्मे थिएटरने घेतले, पुढच्या आठवड्यात तर थिएटर आणखी जास्त घेतं, मग वितरकाचं कमिशन. निर्मात्याच्या हातात पडतात पन्नास-साठ रुपये. म्हणजे ५० लाख सुटायला नव्वद हजाराच्या आसपास माणसं थिएटरात यायला हवीत. दर स्क्रीनचे डिजिटल प्रोजेक्शनचे पैसे वेगळे, ते माणसं आली नाहीत तरी भरायचेच. आणि शो मिळतो सकाळी पावणेदहाचा. मंगळवारी सकाळी पावणेदहाला नवीन पोरांचा सिनेमा बघायला कोण येणार, मी तरी जाईन का? पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी आला की तोही शो उडतो. २०१५ ला सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम द्या सांगितलं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवतंय ना.

दुपारी तीनचा शो:
पण सगळे थिएटरच धरून का बसलेत? 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला दोन बक्षिसं मिळाली, तिथून नाव झालं, मग इकडे रिलीज. 'साबर बोंडं' २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलमध्ये ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला आणि सप्टेंबरात थिएटरला लागला. आता फेस्टिवल हाच छोट्या सिनेमाचा रस्ता आहे, पोस्टरवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पडद्यामागचा:
ही दोन नावं सगळे घेतात, त्यांच्या मागे कोण उभं होतं ते कुणी सांगत नाही. 'कोर्ट'चा निर्माता विवेक गोम्बरने स्वतः पैसे घातले, डायरेक्टर चैतन्य ताम्हाणे लिहीत होता तेव्हा त्याला दरमहा पैसे दिले. म्हणजे लेखकाला बसून लिहायचा पगार! आपल्याकडे किती निर्माते देतात? 'साबर बोंडं'ला इंग्लंड, कॅनडाचे सहनिर्माते आहेत. ही एकट्या पोराने जमीन विकून केलेली कामं नाहीत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही, उलट असंच व्हायला पाहिजे. फेस्टिवलला पाठवायचीही एंट्री फी असते. वीस ठिकाणी पाठवून बघा, मग बोलू.

कोंबडी नंबर चार:
विषय थोडा बाजूला नेतोय पण नवीन लोकांना उपयोगी. गावाकडचा सिनेमा करताय? फ्रेममध्ये बैल, कुत्रं, कोंबडी काहीही येणार असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगच्या आधी काढा, नंतर एनओसीही लागते, नाहीतर सेन्सॉरला अडकता. ऑफिस हरियाणात, बल्लभगडला. आमच्या ओळखीतल्या एकाने शेवटी अंगणातल्या कोंबड्या सीनमधून कापल्या, आता त्या अंगणात नुसतंच कुकुकू ऐकू येतं.

नानांचं टॉकीज:
हाहा. साउंडवाल्याचे पैसे दिले असतील तर.

दुपारी तीनचा शो:
बरं मग सरकारी अनुदान? अ दर्जाला ४० लाख आणि ब ला ३० असं ऐकलंय.

पडद्यामागचा:
मिळतं, पण सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर होऊन मग समितीसमोर गेल्यावर. तोवर व्याज चालू. आणि काही मंडळी नुसतं अनुदान डोळ्यासमोर ठेवून सिनेमे काढतात, त्यावर मी इथे बोललो तर धागा उडेल.

मालेगावकर:
तुम्ही सगळे पैसे कसे परत येतील याच्यावरच अडकलात. आमच्या गावात पॉवरलूमवर काम करणाऱ्या लोकांनी गावातल्याच डायरेक्टर नासिर शेखबरोबर सिनेमे केले, स्वतःच नट, गावच प्रेक्षक. बघणारा आधी ठरलेला होता. 'मंथन' आठवा, १९७६. पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले, आणि बघायला तेच ट्रक भरभरून गेले. आधी प्रेक्षक जमवा, पैसे नंतर.

पडद्यामागचा:
'मंथन'मागे गुजरातचं अख्खं दूध फेडरेशन होतं हो. पण तुमचा मुद्दा पटतोय, आजवर आलेल्या उत्तरांत हेच पहिल्यांदा काहीतरी वेगळं आलं. सिनेमा कुणासाठी हे विचारलं की बहुतेक नवे डायरेक्टर "सगळ्यांसाठी" म्हणतात.

अर्धवट पटकथा:
माझा ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांवरचा आहे, त्यामुळे मला माहितीये कुणाला दाखवायचाय. टोळ्या गावी परतल्या की पावसाळ्याआधी बीड-जालन्यात गावोगाव पडदा लावून दाखवणार, थिएटरचं नंतर बघू. आणि पडद्यामागचा, हो, निम्मे पैसे बाजूला नाहीत माझ्याकडे. तरी हंगाम सुरू झाला की शूट चालू करतेय, तो काय माझ्यासाठी थांबणारे का. माणसं दहाच्या वर नेणार नाही, एवढं तुमचं ऐकलं.

पडद्यामागचा:
मला पटलेलं नाही. पण दहा माणसांवर खरंच टिकलात तर शेड्यूल पाठवा, बघून देतो. त्याचे पैसे नकोत, आणि ते बजेटमध्ये मात्र लिहा.

बूमवाला:
साउंडला कोण आहे?

अर्धवट पटकथा:
अजून कुणी नाही. व्यनि (खासगी निरोप) करू?

बूमवाला:
करा. रेट सांगतो, निम्मे शूटच्या आधी.