निळ्या पेनाची सही आणि म्हणे नियम म्हणजे नियम

घोडबंदरकर: इथे परवा कुणीतरी लिहिलंय, खिडकीवरच्या माणसाला शिव्या घालू नका, तो फक्त नियम पाळतो. डोकंच फिरलं. ठाण्यातल्याच एका सरकारी ऑफिसात आईचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज परत केला, का तर सही निळ्या पेनाची. काळा पेन आणून नवीन फॉर्म भरला तर म्हणे सही अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर हवी. तेही केलं तर लंच टाइम. सगळं एकदम सांगायला काय जातं यांचं? वर स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र आणा. अहो, 9 मार्च 2015 चा जीआर आहे, साध्या कागदावर स्वयंघोषणापत्र चालतं. मोबाइलवर दाखवला तर "आमच्याकडे असंच असतं". हे नियम पाळणं?

जुना कारकून: आमच्यातल्या एकानं म्हातारी बाई आहे म्हणून अपुऱ्या कागदांवर अर्ज पुढे सरकवला. ऑडिटमध्ये आक्षेप, मग विभागीय चौकशी, बिचारा रिटायर झाला तरी पेन्शन अडकलेलं. तेव्हा तुमची आई आली नव्हती सोडवायला.

नौपाडेवाली: स्टॅम्प पेपरचं बोला हो आधी! ऑक्टोबर 2024 पासून शंभरचा बंद, थेट पाचशे. वर टायपिंग, वर नोटरी.

ऐरोलीकर: ताई, सरकारी दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी 2004 पासूनच माफ आहे. तुम्ही भरलेतच का?

नौपाडेवाली: कारण मुलीच्या अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख होती!! तुम्ही कायदा सांगत बसा. बाहेर टेबल टाकून बसलेल्याला बरोबर कळतं आत कुणाचा फॉर्म अडलाय, कसं काय?

जुना कारकून: म्हणजे आम्ही सगळे वाटेकरी? जीभ सांभाळून बोला.

नौपाडेवाली: टोपी बसली का?

ऐरोलीकर: भांडण राहू द्या. लोकसेवा हक्क कायदा 2015, अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावं लागतं, अपील करता येतं. मी एकदाच म्हटलं, लेखी द्या. फॉर्म गुपचूप आत गेला.

जुना कारकून: लेखी मागणारा आला की आम्ही जरा सरळ बसायचो, हे खरंय. आणि निळ्या पेनाचं म्हणाल तर ते तिथल्या साहेबाचं खूळ असणार, नियमबियम नाही.

घोडबंदरकर: उपकार झाले.