नववी-दहावीच्या पोरांना लोकशाही शिकवायची कशी? (शपथविधी सोडून सांगा)

पूर्वभागातली_मॅडम
नमस्कार मंडळी, मी सोलापुरात पूर्व भागातल्या एका शाळेत नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. वर्गात निम्म्या पोरांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड, आया विड्या वळतात, वडील लूमवर नाहीतर गारमेंटमध्ये. राज्यशास्त्राचा तास म्हणलं की पोरं डोळे उघडे ठेवून झोपतात. शालेय मंत्रिमंडळ केलं, मतदान घेतलं, शपथविधी झाला, फोटो ग्रुपवर गेले, संपलं. आरोग्यमंत्र्याला विचारलं काय काम करतोस रे, तर म्हणे मॅडम टाकीवर झाकण ठेवतो. (तसं बघितलं तर रोज ठेवतो, हे पण काही कमी नाही.)
'भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने' हा धडा तोंडपाठ आहे सगळ्यांचा. पण पेपरमधली एखादी ताजी बातमी काढली की एकतर सगळे गप्प, नाहीतर रीलमध्ये ऐकलेली वाक्यं एकमेकांवर फेकायला सुरू. एकाचे वडील एका पक्षाचं काम करतात, दुसऱ्याचा काका दुसऱ्याचं, आणि हेडसर म्हणतात वाद नको. तुम्ही काय करता?

निवृत्त_गुरुजी
ताई, पोरांना एकदा चार हुतात्मा पुतळ्याजवळ घेऊन जा. रोज तिथनं ये-जा करतात पण चौघांची नावं विचारा, दोनाच्या पुढं जाणार नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३०च्या मे महिन्यात इथं इंग्रजांनी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. त्यातला कुर्बान हुसेन विशीतला पोरगा, 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचा. मी तिथंच उभं करून विचारायचो, मार्शल लॉमध्ये तुला काय काय करता येणार नाही ते सांग. गांधी टोपी घालता येणार नाही, सभा घेता येणार नाही, मनात आलं ते छापता येणार नाही. मग राज्यघटनेतलं स्वातंत्र्याच्या हक्काचं कलम १९ वाचायचं. पाठ कर म्हणून कधी सांगावं लागलं नाही.

काय_करालाव_बे
गुरुजींचं बरोबर आहे पण पुतळा बघून पोरं घरी जातात आणि घरी नळाला पाणी नसतंय, खरा विषय तो आहे की ओ मॅडम.
आम्ही दहावीला असताना (आता पोरांना शिकवण्याचं वय झालं माझं, असो) आमच्या सरांनी एक महिना वही ठेवायला लावली होती, नळ कुठल्या तारखेला आला, किती वाजता, किती वेळ, प्रेशर कसं, आणि पाणी भरलं कुणी. पहिले आठ दिवस टाईमपास वाटला. मग एका पोरीची वही वाचली, "रात्री २.४०. आई उठली. मी पण. दादा झोपला होता." पुढच्या पाणी आलेल्या दिवशी परत तेच. सगळ्या वर्गाच्या वह्या जुळवल्या तर 'भरलं कुणी' या रकान्यात आई, ताई, आजी, मी (लिहिणारी मुलगीच), बाबा मोजून चार वेळा. सर एक शब्द बोलले नाहीत, पोरंच एकमेकांकडं बघायला लागली. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये अर्ध्या जागा बायकांना का, ते त्या दिवशी शिकवायची गरजच उरली नाही.
मग अर्ज लिहिला. एका ऑफिसात घेऊन गेलो तर परत दिला, प्रभाग क्रमांक कुठाय म्हणून. वर्गात एकालाही आपला प्रभाग माहीत नव्हता! शोधल्यावर कळलं की एका प्रभागात चार-चार नगरसेवक असतात आणि मत देताना चार बटणं दाबावी लागतात, आणि आम्हाला माहीत होता एकच, तोही वाढदिवसाच्या फ्लेक्सवरनं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सरांनी शिकवलं, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. तो शिक्का मारलेला कागद वर्गात फळ्याशेजारी चिकटवला होता. उत्तर आलं नाही म्हणून सरांनी स्वतःच्या नावानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. तीस दिवस आम्ही कॅलेंडरवर फुल्या मारल्या, क्रिकेटच्या मॅचची पण एवढी वाट बघितली नव्हती.
पाणी सुधारलं का? नाही ओ. वेळापत्रक मात्र लेखी हातात आलं.
आणि मॅडम, मार्च २०२२ला पालिकेची मुदत संपल्यावर कितीतरी वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. त्या काळात तक्रार घेऊन कुणाकडं जायचं, हा प्रश्न तुमच्या पोरांना विचाराच एकदा.

दहावीचा_बाप
राग मानू नका पण इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस मार्कांचा, तेवढ्यासाठी पोरं ऑफिसं फिरणार? आणि अर्ज केला की कुणीतरी पुढारी येऊन फोटो काढून जाणार, मग झालंच राजकारण.

काय_करालाव_बे
काका फोटो काढायला आले होते खरंच. सरांनी पोरांनाच विचारलं येऊ द्यायचं का. मतदान घेतलं, नाही म्हणून निकाल आला. 😄 पक्ष नको, पाण्याचा हिशोब चालतो, एवढाच नियम होता आमचा. आणि मार्कं पण पडली, काळजी नसावी.

मोहोळकडची_बाई
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. आमच्याकडं पाण्यापेक्षा अवघड विषय म्हणजे सुट्टीनंतर बाकावर न दिसणाऱ्या मुली. बालविवाहावर निबंध लिहायला लावला तर सगळ्यांनी छान लिहिला, आणि उन्हाळ्यात त्यातल्याच एकीचं लग्न ठरलं. आता निबंध बंद केला. १०९८ हा मुलांच्या मदतीचा हेल्पलाईन नंबर आणि गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामसेवकावर (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) असते हे दोनच मुद्दे, तेही फोन कसा लावायचा, नाव गुप्त ठेवा कसं म्हणायचं हे बोलून बघतो. मुलगी आणि फोन उचलणारी, दोघींची पार्टं मुलीच करतात. एक मात्र सांगते, कुणाच्या घरचा विषय असेल तर वर्गात नाव घेऊन चर्चा करू नका, पोरगी दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

पूर्वभागातली_मॅडम
सगळ्यांचे आभार. पाण्याची वही सोमवारपासून सुरू केली, पाचवा रकाना पण ठेवलाय. हेडसरांना 'प्रकल्प' म्हणून सांगितलं, लगेच हो म्हणाले. हुतात्मा पुतळा शनिवारी.
फक्त आज एक अडचण आली. मधल्या सुट्टीत एक पोरगी हळूच येऊन म्हणाली, मॅडम नळाला डायरेक्ट मोटर लावून पाणी ओढतात त्यांचं पण लिहायचं का, त्यामुळं पुढच्या गल्लीत पाणी चढत नाही. म्हणलं लिही की. तर म्हणे, मोटर आमचीच आहे.
आता हिला काय सांगू?