उत्तर: हैतीच्या बंडावरचं नाटक
हैती या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत गुलामांनी केलेल्या बंडावरच्या नाटकाबद्दल इथे कुणीतरी म्हटलंय की त्याचा नायक उठावातच गुलामीतून सुटला. तसं नाहीये. नायक म्हणजे बंडाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्यूर; तो जन्मानं गुलाम खरा, पण १७९१ च्या उठावाआधी कित्येक वर्षं तो मुक्त होता. काही काळ त्याच्याही हाताखाली गुलाम राबत होते! मला नाटकाचा जीव इथेच दिसतो. स्वतः सुटलेला माणूस पन्नाशीला टेकताना पुन्हा त्या आगीत का उतरतो?

त्रिनिदादचे लेखक सी. एल. आर. जेम्स यांच्या तूसाँवरच्या नाटकात १९३६ साली लंडनला अमेरिकी नट-गायक पॉल रोबसन तूसाँ झाले होते. प्रयोग जेमतेम दोन.

तूसाँ १८०३ मध्ये फ्रान्सच्या थंडगार किल्ल्यात कैदेत असताना वारला. हैती स्वतंत्र झालं १ जानेवारी १८०४ ला. अवघे काही महिने! अजून आवंढा येतो.