'अनडिस्प्यूटेड चॅम्पियन'ला मराठीत अपराजित म्हणायचं की निर्विवाद?

शिकाऊ_बातमीदार:
युक्रेनचा बॉक्सर ओलेक्झांडर उसिकवर मराठीत लेख लिहितेय. सगळीकडे 'अनडिस्प्यूटेड हेवीवेट चॅम्पियन' असं येतं. तो व्यावसायिक लढत एकही हरलेला नाही, म्हणून 'अपराजित जगज्जेता' लिहिलं तर चालेल ना?

ठोसा:
नको, 'निर्विवाद'च लिही. बॉक्सिंगवर लिहिणारेसुद्धा या दोन गोष्टींची सरमिसळ करतात आणि मला ते फार खटकतं. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संघटना, प्रत्येकीचा जगज्जेतेपदाचा पट्टा वेगळा. एकाच वजनगटात एकाच वेळी चार जगज्जेते असू शकतात! चारही पट्टे एकाकडे आले की किताबावर दुसऱ्या कुणाचा दावा उरत नाही. अनडिस्प्यूटेड म्हणजे तेवढंच. उसिकने १८ मे २०२४ ला रियाधमध्ये टायसन फ्युरीला हरवलं आणि हेवीवेटमध्ये ते घडलं. त्याआधीचा निर्विवाद हेवीवेट जगज्जेता लेनॉक्स लुईस, १९९९ सालचा. तेव्हा तीनच पट्टे धरायचे. हाच लुईस १९९४ मध्ये ऑलिव्हर मॅकॉलकडून दुसऱ्याच फेरीत हरला होता, म्हणजे निर्विवाद झाला तरी अपराजित नव्हता. उलट फ्लॉइड मेवेदर ५० पैकी ५० लढती जिंकला, पण चारही पट्टे एकाच वेळी त्याच्याकडे कधीच नव्हते.

आणि लेखात तारीख घालच. उसिकने जून २०२४ मध्येच आयबीएफचा पट्टा सोडला. अपराजित राहिला, निर्विवाद राहिला नाही. जुलै २०२५ मध्ये डॅनियल दुब्वाला हरवून चारही पट्टे पुन्हा मिळवले.

वाचनवेडा:
मग बिनविरोध म्हणजेही हेच का?

ठोसा:
नाही. बिनविरोध म्हणजे समोर लढायलाच कुणी नाही, इंग्रजीतलं अनकंटेस्टेड. २०२४ च्या लोकसभेला सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल मतदानाशिवाय निवडून आले. निवड बिनविरोध झाली, वाद मात्र भरपूर झाला. रियाधला पूर्ण १२ फेऱ्या झाल्या आणि तीन पंचांपैकी एकाने फ्युरीला कौल दिला होता. तरी चारही पट्टे उसिकचेच, म्हणून निर्विवाद.

शिकाऊ_बातमीदार:
मग पहिल्या उल्लेखात 'चारही पट्ट्यांचा निर्विवाद जगज्जेता' आणि पुढे नुसतं 'निर्विवाद' ठेवते. महिलांमध्येही असंच मोजतात का?

ठोसा:
हो, तसंच. आयर्लंडची केटी टेलर २०१९ मध्ये डेल्फिन पर्सूनला हरवून लाइटवेटची निर्विवाद जगज्जेती झाली.